अर्ध्या गव्याची चिप

एका जंगलात, मुलांनो, सिंहमहाराजांकडे एक विचारयंत्र होतं. रोज सकाळी महाराज त्याला विचारत, "आज माझी आयाळ कशी दिसते?" यंत्र जरा वेळ घरघरायचं आणि म्हणायचं, "फक्कड!"

एवढ्या एका शब्दासाठी वीस गवे दिवसभर रहाट ओढून वीज काढत. यंत्राच्या पोटात विचार करणारी नखाएवढी चिप होती. ती इतकी तापायची, की माकडं तिच्यावर शेंगा भाजून खात.

कुंदाक्का सुगरणीचं घरटं रहाटाशेजारच्या बाभळीवर होतं. एके दुपारी म्हातारा भोजाप्पा गवा जुंपलेलाच मटकन खाली बसला. तोंडाला फेस आला. अक्का भुर्रकन खाली उतरली.

"भोजाप्पा, एकच गवा पुरेल अशी चिप विणते मी!"

"विणा, अक्का. पण जरा लवकर विणा."

सात वर्षं लागली. अक्का केसाहून बारीक तार घ्यायची, विणायची, उसवायची. चिप तापायची ती तापायचीच.

मग एकदा ती दरबारात डोकावली. अठरा अधिकारी बसले होते. एक मुंगूस खाली मान घालून लिहीत होतं. उरलेले सतरा ढाराढूर! आणि घाम फुटला होता तो एकट्या मुंगसाला.

अक्का टुणकन उडालीच. तिच्या चिपचे सगळे भाग काम नसतानाही जागे राहून वीज खात होते! तिनं नवी वीण घातली. ज्या भागाला काम नाही, त्यानं झोपायचं.

चाचणीला भोजाप्पा एकटाच रहाटाला लागला. महाराजांनी आयाळ झटकली.

"फक्कड!" यंत्र म्हणालं.

माकडांनी चिपवर शेंगा ठेवल्या. कच्च्याच राहिल्या. एकोणीस गव्यांनी शेपट्या उभारून नदीकडे धूम ठोकली.

"थांबा रे!" प्रधान तरस ओरडले. "महाराज, एका गव्यावर एक यंत्र. म्हणजे वीस गव्यांवर वीस यंत्रं!"

महाराजांचे डोळे चमकले. "खरंच की! एक शेपटीसाठी. एक मिशांसाठी. पंजांना प्रत्येकी एक..."

यादी चाळीसवर गेली. शेजारच्या रानातून आणखी वीस गवे आणवले.

"महाराज, गव्यांना विसावा मिळावा म्हणून मी..." अक्का पुढे उडाली.

"मिळेल ना," तरस म्हणाले. "चिप झोपते, तेवढ्यात त्यांनी चालता चालता श्वास घ्यावा."

अक्काला 'ऊर्जारत्न' पदवी मिळाली. शाल एवढी मोठी, की अक्का तिच्याखाली गडप झाली. कशीबशी बाहेर पडून ती भोजाप्पाजवळ गेली.

"रागावू नका, भोजाप्पा. आता मी अर्ध्या गव्यावर चालणारी चिप विणते!"

दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला. चाळीस गवे जागच्या जागी थबकले.

"अक्का," भोजाप्पानं हळूच विचारलं, "पुढचा अर्धा की मागचा?"

तात्पर्य : ऊर्जेची बचत जरूर करावी. आपण वाचवलीच नाही, तर थोरामोठ्यांनी उधळायचं काय?