खाजामियाँच्या घरातले दोन फ्रिज

तपासणीची बातमी आली तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच माणूस निवांत होता, तो म्हणजे खाजामियाँ. पारावर बसून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "येऊ द्या की कुणीबी साहेब. माझ्या घरात दाखवायला काय न्हाय अन् लपवायलाबी काय न्हाय."

यात फुशारकी असली तरी खोटं काही नव्हतं. जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत असलेल्या या गावात खाजामियाँ गाद्यांचा कापूस पिंजतात. पिंजायचे, असं म्हटलेलं बरं, कारण गावानं फोमच्या गाद्या आणल्यापासून कापूस घेऊन त्यांच्याकडं कुणी फिरकत नाही. घरात बायको हमिदाबी, विधवा सून तबस्सुम आणि शाळेत जाणारी नात युसरा. रेशनच्या पिवळ्या कार्डावर महिन्याला पस्तीस किलो धान्य येतं आणि त्यावर हे घर जेवतं. कार्ड गेलं तर जेवण गेलं, इतका सरळ मामला.

आता सरकारनं ठरवलं होतं की गरज नसलेल्यांची कार्डं बंद करायची. साहेब घरोघर फिरणार, फ्रिज, वॉशिंग मशीन, चारचाकी असलं काही दिसलं की नाव कमी करणार. ठरवलं ते चांगलंच होतं. फक्त ते गावाला आठवडाभर आधी कळलं.

शेजारच्या दगडोबांचंच बघा. बागायती ऊस, स्लॅबचं घर, दारात पांढरी मोटार. पण कागदावर जमीन भावाच्या नावानं, मोटार मेव्हण्याच्या नावानं आणि गरिबी तेवढी स्वतःच्या नावानं. त्यामुळं कार्ड पिवळं. तर हे दगडोबा संध्याकाळी खाजामियाँकडं आले, बाजेवर टेकले, पाऊसपाण्याचं बोलले आणि मग हळूच मुद्द्यावर आले. चार दिवस फ्रिज ठेवायला जागा पाहिजे होती.

"तुमच्यावर कोण शक घेणार, खाजाभाई? तुमची गरिबी समद्या तालुक्याला ठावं हाय."

खाजामियाँना ही तारीफ वाटली. शिवाय दगडोबांनी जाताना 'अमानत' हा शब्द वापरला, आणि तिथंच सगळं संपलं. अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेली वस्तू. ती जीव गेला तरी सांभाळायची आणि कुणाची आहे याचा गवगवा करायचा नाही, हे खाजामियाँ बापाकडून शिकले होते. बापानं म्हणे कुणाचं तरी लाकडी कपाट वर्षानुवर्षं सांभाळलं आणि आत काय आहे हे एकदाही विचारलं नाही. कपाट रिकामं होतं हे मागाहून कळलं, पण त्यानं बापाचा मान कमी झाला नाही.

फ्रिज आला. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानवाले महांतप्पा यांचाही फ्रिज आला, आणि एकट्याला करमणार नाही म्हणून की काय, सोबत वॉशिंग मशीन आलं. मग दगडोबांना आठवलं की मोटार राहिलीच. ती पिंजायच्या पत्र्याच्या शेडमध्ये घातली आणि वर सगळा जुना कापूस रचला. आता घरात माणसांना जागा उरली नाही, म्हणून माणसं अंगणात झोपू लागली. हमिदाबी रोज विचारायच्या, घर है क्या दुकान है जी. विचारता विचारता त्यांनी दोन्ही फ्रिज पुसून त्यांच्यावर विणलेले रुमालही घातले, कारण दुसऱ्याची वस्तू धुळीत पडलेली त्यांना बघवत नव्हती.

साहेब आले. तरुण होते, नवीन होते आणि मनानं हळवे होते, म्हणजे तिन्ही बाजूंनी गावाच्या हातात होते. दगडोबांच्या घरी त्यांनी काय पाहिलं? फाटक्या बनियनमध्ये घोंगडीवर बसलेले दगडोबा, आणि अंगावरचं सोनंनाणं उतरवून मिरचीशी भाकरी खाणाऱ्या त्यांच्या पत्नी कमलबाई. एवढ्या मोठ्या घरात बसायला खुर्ची नाही हे बघून साहेबही घोंगडीच्या कडेला टेकले. त्यांनी मोबाईलमध्ये दगडोबांचं नाव पक्कं केलं. महांतप्पांचंही झालं.

खाजामियाँच्या घराची भिंत, पत्रा आणि दार बघून साहेब आत जायची गरजच नाही म्हणाले. बाहेर उभं राहूनच त्यांनी माहिती भरली. शेवटचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

त्या बटणाच्या आणि साहेबांच्या बोटाच्या मध्ये खाजामियाँ आडवे आले. सरकारी माणूस दारापर्यंत येतो आणि घोटभर चहा न घेता जातो, हे त्यांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. साहेब नको म्हणाले. खाजामियाँनी त्यांचा हात धरला. साहेबांच्या मागोमाग आलेले दगडोबा डोळ्यांनी, मानेनं आणि शेवटी दोन्ही हातांनी नको नको म्हणत होते. साखर घरात कमी आहे म्हणून दगडोबा काळजी करतायत, असं खाजामियाँना वाटलं. "साखर हाय, फिकीर करू नका," असं त्यांना सांगून त्यांनी साहेबांना आत नेलं.

साहेब फ्रिजकडं बघत राहिले. मग दुसऱ्या फ्रिजकडं बघत राहिले. मग वॉशिंग मशीनवर ठेवलेल्या चहाच्या कपाकडं. त्यांना जरा मोकळी हवा हवीशी वाटली असावी, कारण ते मागच्या दारानं शेडमध्ये गेले आणि कापसाच्या ढिगाला टेकले. त्याबरोबर ढीग केकाटायला लागला. कुठलं बटण, कुठली वायर, देव जाणे, पण कापसाच्या आतून लालपिवळे दिवे उघडझाप करू लागले आणि गल्लीतली कुत्री त्या आवाजाला साथ द्यायला जमली.

दगडोबांनी खिशातल्या खिशात किल्ली दाबून तो आवाज बंद केला. साहेबांना वाटलं आपोआप थांबला.

"चाचा, हे सगळं कुणाचं?"

"अमानत है, साहेब."

"कुणाची?"

साहेबांच्या पाठीमागं दगडोबा हात जोडून उभे होते. खोटं बोलणं खाजामियाँना जमलं नसतं आणि नाव सांगणं त्याहून जमलं नसतं. पस्तीस किलो धान्य त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, युसराही गेली. तरी तोंडातून आलं ते असं: "माझ्या घरात हाय न्हवं? मग जिम्मेदारी माझी."

साहेबांना हा कबुलीजबाब वाटला. ते संतापले, आणि हळवा माणूस संतापला की फार बोलतो. शेजारच्या बिचाऱ्या दगडोबांकडं बघून तरी लाज वाटू द्या, म्हणाले. दगडोबांनी विनयानं मान खाली घातली. खाजामियाँचं नाव तिथल्या तिथं कमी झालं.

संध्याकाळपर्यंत ज्याचं सामान त्याच्या घरी गेलं. वॉशिंग मशीनला ओरखडा कसा पडला, असं महांतप्पांनी जाताना विचारलं.

पुढं रेशन दुकानात खाजामियाँचा अंगठा मशीननं घेतला नाही. तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे झाले. तिथला कारकून वाईट नव्हता. सामान आपलं होतं असं मालकांनी लिहून दिलं तर बघता येईल, म्हणाला. खाजामियाँ मोठ्या आशेनं दगडोबांकडं गेले. दगडोबांनी ऐकून घेतलं, त्यांना आत बसवलं, आणि लहान मुलाला समजवावं तसं समजावलं.

"लिवून दिलं तर माझं कार्ड जाईल की, खाजाभाई. एकाचं गेलं ते गेलं. दोघांचं कशाला घालवायचं?"

महांतप्पांनी लिहून दिलं नाही, पण युसरासाठी बिस्किटाचा पुडा दिला.

घरात पीठ संपत आलं. युसरा शाळेतली खिचडी अर्धी खायची आणि अर्धी डब्यातून घरी आणायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या डब्याकडं बघून खाजामियाँना राग आला. साहेबाचा आला, दगडोबाचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या चहाचा आला. हमिदाबी रिकामा डबा आपटून म्हणाल्या, "अब क्या पकाऊँ जी? तुम्हारी इमानदारी?"

महिनाअखेरीला दगडोबा स्वतः दारात आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत तांदूळ. खाजामियाँचं मन एकदम भरून आलं. शेवटी शेजारी तो शेजारी, माणसाला उशिरा का होईना कळतं, असं काहीबाही ते बोलू लागले. दगडोबांनी पिशवी खाली ठेवली आणि घाम पुसला.

"आमच्यात रेशनचा तांदूळ कुणी खात न्हाय. दर म्हैन्याला व्यापाऱ्याला देतो. म्हटलं, परक्याला देण्यापरीस तुमालाच द्यावा. त्याच्यापेक्षा किलोमागं रुपया जास्त द्या, झालं."

हमिदाबी आत गेल्या आणि गाठीचे पैसे घेऊन आल्या. दगडोबांनी ते मोजून खिशात घातले आणि निघता निघता वळून म्हणाले, "पिशवी तेवढी मोकळी करून द्या, खाजाभाई. पुढल्या म्हैन्याचं रेशन आणाय लागती."