उत्तर मूळ धाग्यातच द्यावे

माणसांचा समूह टिकतो तो प्रेमावर नव्हे आणि एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाण्यावर तर मुळीच नव्हे. तो टिकतो मेलचं उत्तर मूळ मजकुराच्या वर लिहायचं की खाली, याचा एकदाचा निकाल लागण्यावर. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या आमच्या मुक्त संगणक मंडळाने हे सत्य फार लवकर ओळखलं. (निकाल अजून लागायचा आहे.)

आमचं मंडळ भेटतं कमी, लिहितं फार. मंडळाची एक यादी आहे. तिच्या पत्त्यावर मेल टाकली की ती सगळ्या सभासदांच्या पेटीत जाऊन पडते. तिला कोणी उत्तर दिलं की ते तिच्याखाली लटकतं, उत्तराला दिलेलं उत्तर त्याच्याखाली. वेलीला फुटवा, फुटव्याला फुटवा. या वेलीला आम्ही धागा म्हणतो. कोणाला एखाद्या धाग्याचा कंटाळा आला तर एक कळ दाबून तो अख्खा मुका करता येतो. मग त्यात पुढे कोणी हसो, रडो, मरो, आपल्या पेटीत पान हलत नाही. विज्ञानाने माणसाला दिलेली ही सगळ्यात मोठी शांतता आहे.

यादीचे नियम हाउकेने लिहिले. हाउके म्हणजे आमचा यादीपाल. एकटा राहतो, एक कासव पाळतो आणि कासवालाही घाई करू देत नाही. त्याचे नियम थोडक्यात असे: उत्तर खाली लिहावं, वर मूळ मेलचा हवा तेवढाच तुकडा ठेवावा. रंगीत अक्षरं आणि फुलांची चित्रं पाठवू नयेत. (हा नियम खजिनदार ओर्ट्रुनबाईंसाठी आहे, पण सभ्यता म्हणून सर्वांना लागू केला आहे.) एकच विनंती आठवड्यात दोनदा करू नये. मंडळाच्या मालमत्तेविषयी जे काही असेल ते यादीवरच लिहावं, परस्पर कोणाला कळवू नये. आणि सगळ्यात कडक नियम: नव्या विषयासाठी नवी मेल काढावी, जुन्या मेलला उत्तर देऊन नुसता वरचा विषय बदलू नये. तसं केलं तर माणसाला वाटतं आपण नवं रोप लावलं, पण यंत्र ते जुन्याच वेलीवर चढवतं.

दर हिवाळ्यात मंडळ केल नावाची तिकडची पालेभाजी खायला निघतं. हातगाडीत दारूच्या बाटल्या, गळ्यात दोरीने बांधलेले छोटे पेले, शेतांमधून गावाबाहेरच्या खाणावळीपर्यंत चालत. तिथे केल, जाड सॉसेज, आणि मग भाजीराजाचा राज्याभिषेक. राजाच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड घालतात. यंदा राजा व्हायचा होता हाउके. किती हिवाळे तो या हाडाकडे पाहत आला होता! भाषण पाठ होतं. कासवाला ऐकवून झालं होतं. नियम असा की राजा जेवणाला हजर नसेल तर हाड दुसऱ्याला जातं आणि हुकलेल्या माणसाचं नाव पुन्हा कधी निघत नाही.

त्या शनिवारी सकाळी हाउके ते हाड आणायला मंडळाच्या तळघरात उतरला. यादीचा सर्व्हरही तिथेच गुणगुणत असतो. दार मागे आपोआप लागलं. ते आतून फक्त चावीने उघडतं; चावी आणि फोन वर खुंटीवरच्या जाकिटात, आणि इमारतीचं बाहेरचं दारही त्याच चावीचं. दुसरी चावी कोणाकडे आहे हे मंडळात कोणालाच आठवत नव्हतं.

हाउके डगमगला नाही. त्याने सर्व्हरचा पडदा उघडला. (अग्निशमन दलाला कळवता आलं असतं, पण दार मंडळाचं, म्हणजे मालमत्ता, आणि दल यादीचं सभासद नाही.) घाईत यादीचा पत्ता टंकायचा कंटाळा केला. साठ्यातली सगळ्यात वरची मेल उघडली, उत्तराची कळ दाबली, विषय बदलला: "तळघरात अडकलोय. दुसरी चावी कोणाकडे आहे?"

ती वरची मेल होती 'उत्तर वर की खाली' या धाग्यातली. हा धागा सगळ्या सभासदांनी मुका केलेला होता. हाउकेनेही. त्याची हाक त्याच्याच पेटीत दिसली नाही.

सगळ्यांनी, म्हणजे ओर्ट्रुनबाई सोडून. बाईंच्या जुन्या प्रोग्रामला धागे कळतच नाहीत. जे आलं ते आलं तसं दिसतं. त्या दिवशी गुडघा धरल्यामुळे त्या घरीच होत्या. त्यांनी वाचलं आणि सवयीप्रमाणे नवीच मेल काढली, निळ्या अक्षरांत, खाली गुलाब: "अहो, हाउके तळघरात अडकलाय! दुसरी चावी कोणाकडे?"

आम्ही तेव्हा शेतात, हातगाडीभोवती होतो. सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

"घ्या! बाईंचा गुलाब उमलला," एन्नो म्हणाला. हातगाडी ओढायचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे तो सर्वांत पुढे आणि सर्वांत जास्त प्यायलेला होता.

"आणि मूळ मेलचा एक शब्द ठेवलाय का बघ," वीब्के म्हणाली. गेल्या वर्षीची राणी तीच. "कोण हाउके, कुठलं तळघर? माणसाने समजायचं तरी काय?"

"हाउके आपलाच गं. तळघरही आपलंच."

"ते मला माहितीये रे बाबा! मी पद्धतीचं बोलतेय."

यावर यादीत चौदा उत्तरं गेली. नऊ निळ्या रंगाविरुद्ध, चार गुलाबाविरुद्ध, एक गुलाबाच्या बाजूने. चावीविषयी शून्य. पंधरावं उत्तर खुद्द हाउकेचं होतं. तळघरात थंडीने कुडकुडत त्याने लिहिलं: "ओर्ट्रुनबाई, आभारी आहे. मात्र उत्तर मूळ धाग्यातच द्यावे, खाली द्यावे, आणि साध्या अक्षरांत द्यावे."

"बघ, नियम सांगतोय. म्हणजे ठणठणीत आहे," वीब्के म्हणाली.

"अडकलेला माणूस असं लिहितो होय?" एन्नोने पेला भरला. "चला, राजाला उशीर शोभतोच."

बाईंनी आज्ञा पाळली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मूळ, म्हणजे त्याच मुक्या धाग्यात, खाली, काळ्या अक्षरांत, गुलाबाविना लिहिलं: "चावी माझ्याच डब्यात सापडली. घेऊन येऊ का?" इतकी निर्दोष मेल यादीने कधी पाहिली नव्हती. याही वेळी पाहिली नाही.

हाउके वाट पाहत राहिला. दुसऱ्यांदा विचारता आलं असतं, पण आठवडा कुठे झाला होता! खाणावळीत आम्ही थोडं थांबलो, मग हाडाऐवजी वीब्केने सॉसेजची माळ करून एन्नोच्या गळ्यात घातली. भाषण त्याला येत नव्हतं. त्याने हातगाडीचे आभार मानले.

रविवारी दुपारी ओर्ट्रुनबाई बसने आल्या, एका हातात चावी, दुसऱ्यात केलचं भांडं. दार उघडलं तर हाउके सर्व्हरच्या उबेला टेकून बसलेला, गळ्यात हाड, समोर मंडळाच्या लिंबूपाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

"आलात कशा तुम्ही?" त्याने विचारलं. "मला तर कोणाचं उत्तर आलं नव्हतं."

"उत्तर आलं नाही म्हणून तर आले," बाई म्हणाल्या. "तुम्ही लोक उत्तर आलं नाही की काय करता?"

 त्याने भांड्यावरचं झाकण काढलं. वाफ निघाली, चष्मा धुरकटला. मग त्याने पाठ केलेलं अख्खं भाषण उभं राहून म्हटलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या दप्तरी हा राज्याभिषेक नाही.

प्रकरणाची चौकशी झाली आणि यादीवर बाईंना ताकीद गेली: यापुढे पूर्वसूचनेशिवाय तळघर उघडू नये.

तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. अशी विचित्र माणसं दूर ओल्डेनबुर्गलाच असतात. तुमच्याकडे आपला साधा घरच्यांचा गट आहे, फोनमध्ये, सकाळच्या फुलांनी भरलेला. घंटी तुम्ही केव्हाच बंद करून टाकलीत. त्या फुलांच्या खाली, परवापासून, कोणीतरी काहीतरी विचारलंय. घाई नाही. पुन्हा विचारणार नाहीत ते.