बेचाळीस घरं आणि एक समुद्र

भगवंतराव जहाजात बसून जगाला वळसा घालायला निघालेत ही बातमी अकोटात सोमवारी फुटली, आणि मंगळवारी सकाळी शेजारच्या पार्बताबाई जेवणाचं आमंत्रण घेऊन ओसरीवर हजर झाल्या.

"काशीले जाणाऱ्याले पाच घरं जेवू घालतेत," त्या भगवंतरावांच्या पत्नी गोदाबाईंना म्हणाल्या. "तुमी तं काशीच्याई पुढं चालले. बुधवारी दोघंई आमच्याकडे या."

"येतो," गोदाबाई म्हणाल्या.

या एका शब्दातून पुढचं सगळं झालं.

साल एकसष्टचं, दसरा नुकताच तोंडावर आलेला. जहाज मुंबईहून नोव्हेंबरच्या मध्याला सुटणार होतं. एडन, सुएझ, विलायत, अमेरिका, जपान करत चार महिन्यांनी परत मुंबईला. तिकिटं दोन होती, भगवंतरावांचं आणि गोदाबाईंचं. भगवंतराव अठ्ठावन्न वर्षांचे. मूलबाळ नव्हतं, शेती पुतण्यांच्या हाती सुरळीत चाललेली. माणूस मोजकं बोलणारा, व्यसन नाही, नाद नाही. मग हे समुद्राचं खूळ कुठून आलं असा प्रश्न गावाला पडला. उत्तर साधं होतं. त्यांच्या वावरातला कापूस दरवर्षी जिनिंगमध्ये जाई, गाठी बांधून मुंबईला जाई आणि तिथून समुद्रापार जाई. चाळीस वर्षं भगवंतरावांनी तो गाड्यांत भरून दिला होता. तो जातो कुठं आणि कशावरून, हे एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. समुद्र त्यांनी चित्रातसुद्धा नीट पाहिलेला नव्हता.

आता गावाची रीत अशी की दूरच्या यात्रेला निघालेल्या माणसाला घरोघरी जेवू घालायचं, मग वाजतगाजत गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत पोचवायचं. एकदा पोचवला की तो माणूस गावापुरता गेला. यात्रा पुरी केल्याशिवाय त्यानं परत पाऊल टाकायचं नाही. पुरी करून आला की मावंदं, म्हणजे गावजेवण, त्यानं घालायचं. यात चूक काहीच नाही. चूक एवढीच झाली की काशीला पाच घरं, तर जगाला किती, हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

ते ठरवायचं काम थोरले चुलतभाऊ नत्थुजी यांनी अंगावर घेतलं. नत्थुजी ज्या कामाला हात लावत ते कडेला नेत. पार्बताबाईंकडे जेवले तर त्यांच्या जावेकडे जेवलंच पाहिजे. जावेकडे जेवले तर समोरच्या सूर्यभानांनी काय घोडं मारलंय? एका घरी पान वाढलं आणि दुसऱ्या घरी नाही, तर दुसऱ्या घरच्या तीन पिढ्या ते विसरत नाहीत. पाचाची चौदा घरं झाली, चौदाची बेचाळीस.

"दादा, पोटाले झेपन काय?" भगवंतरावांनी एकदाच विचारलं.

"जग झेपून राह्यलं तुले, आनं पुरणाचे मांडे नाही झेपत?" नत्थुजी म्हणाले.

खरं म्हणजे गोदाबाईंनी कुठं तरी थांबायला हवं होतं. आमंत्रणं बायकांच्या तोंडून येत, आणि ती गोदाबाईंकडेच येत. पण त्या कुणालाच नाही म्हणाल्या नाहीत. विहिरीवर कुणी विचारलं, "येतो." देवळात कुणी विचारलं, "येतो." शेवटच्या आठवड्यात तर त्या न विचारलेल्या घरांकडेही आशेनं पाहायला लागल्या होत्या. भगवंतरावांना याचं नवल वाटलं, पण तोंडात घास असल्यामुळे विचारता आलं नाही.

कुठं मांडे, कुठं रोडगे आणि वांग्याची भाजी, कुठं पुरणपोळीवर तुपाची धार. प्रत्येक घरी यजमान हात जोडून म्हणे, "आता चार महिने घरचं काय भेटते तुमाले? घ्या." भगवंतराव गंभीर चेहऱ्यानं घेत. शेवटी शेवटी दिवसाला तीन घरं होऊ लागली. कोटाची बटणं लागेनाशी झाली, तेव्हा गाव म्हणालं, जहाजाची हवा मानवायला लागली.

मारुतीपाशी नत्थुजींनी नारळ हातात दिला. "भगवंता, आता मांगं पाहू नको. जग फिरल्याबिगर या गावात पाय नाही." डफडी वाजली, बायकांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मोटार अकोल्याकडे निघाली.

अकोल्याच्या स्टेशनात मुंबईची मेल यायला अर्धा तास होता. भगवंतराव आधी उभे होते, मग बाकावर बसले, मग बाकावर आडवे झाले. मेल आली तेव्हा ते डोळे मिटून होते आणि कपाळावर घाम होता. मेल गेली. हमालानं आणि गोदाबाईंनी मिळून त्यांना टांग्यात घातलं आणि डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "काय खाल्लं होतं?"

"आज, का सुरवातीपासून?" गोदाबाईंनी विचारलं.

"सुरवात कधी झाली?"

"दसऱ्याले."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. गोदाबाईंनी घरं सांगायला सुरवात केली. सोळाव्या घरापाशी डॉक्टरांनी त्यांना थांबवलं.

"बाई, यांना आत्ता जहाजावर चढवाल, तर एडनच्या आधीच समुद्रात सोडावं लागेल."

गोदाबाईंनी खाटेचा पाय घट्ट धरला. त्यानंतर बारा दिवस त्या तिथून फारशा हलल्या नाहीत. ताप उतरला, पोट उतरलं, आणि मधल्या एका गुरुवारी मुंबईहून जहाजही सुटलं. भगवंतरावांनी तो वार लक्षात ठेवून त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरचा दाखला जोडून कंपनीला पत्र मात्र त्यांनी धाडलं. आजारपणामुळे येता आलं नाही, पुढच्या जहाजात जागा द्यावी. खाली सही आणि पत्ता.

आता प्रश्न आला, जायचं कुठं? अकोटात पाय टाकायचा नव्हता. अकोल्यात दर दुसरा माणूस अकोटचा. उरली अमरावती. तिथं राजापेठेत त्यांची धाकटी बहीण केशरबाई दोन खोल्यांत एकटी राहत होती. दार उघडून ती पाहतच राहिली.

"दादा! तुमी तं जहाजावर होते!"

"अजूनई तिथीच हावो," भगवंतराव म्हणाले. "कोणाले सांगू नको."

असे चार महिने काढायचे होते. भगवंतराव मफलर गुंडाळून बाहेर पडत. एकदा कापडाच्या दुकानात अकोटचे सूर्यभान दिसले, लग्नाच्या बस्त्याला आलेले. भगवंतराव झटकन खांबाआड झाले. थोड्या वेळानं डोकावून पाहिलं, तर सूर्यभान दुसऱ्या खांबाआड. कुणाचं तरी देणं असेल बिचाऱ्याकडे, असं समजून भगवंतराव मागच्या दारानं निसटले. पुढं दवाखान्यापाशी पार्बताबाईंची जाऊ दिसली. तिनं डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि ती भिंतीला धडकली. आपण वेळेवर वळलो, याचं भगवंतरावांना समाधान वाटलं.

कंपनीचं उत्तर आलं नाही. महिना गेला, दोन गेले. त्यांनी त्याची आशा सोडली. पण जहाजाचं छापील वेळापत्रक त्यांच्यापाशी होतं. रोज संध्याकाळी ते चष्मा लावून त्यावर बोट ठेवत. "आज एडन." "आज सुएझचा कालवा लागला असन." ज्या दिवशी जहाज अमेरिकेला लागायचं होतं, त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर पानात तशीच ठेवली.

गोदाबाईंना ते पाहवलं नाही. "आवो, एक सांगू काय?" त्या म्हणाल्या. "ते बेचाळीस घरं... म्याच हो म्हणत गेली. वाटे, एकेका जेवणानं दिवस पुढं सरकन, आनं जहाज निघून जाईन. तुमचं पोट बिघडन हे नव्हतं माह्या मनात. मले समुद्राचं भेव लागते."

भगवंतराव दोन दिवस गोदाबाईंशी बोलले नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "कावून भेतं?"

"आपल्या विहिरीले तळ हाये. त्याले नसते म्हणतेत."

"असते," भगवंतराव म्हणाले. "लय खाली असते, पण असते."

गोदाबाई रडल्या. भरल्या घरात या दोघांना एकमेकांशी इतकं बोलायची सवड कधी मिळाली नव्हती. त्या दिवसापासून वेळापत्रकावर दोघांचीही बोटं फिरू लागली, आणि जपान नेमकं कुठं येतं हे गोदाबाईंना केशरबाईंपेक्षा चांगलं कळू लागलं.

मार्च उजाडला. जहाज मुंबईला परत लागलं त्याच्या तिसऱ्या दिवशी दोघं अकोटात उतरली. मारुतीपाशी अख्खं गाव उभं. डफडी, हार, पुढं नत्थुजी. भगवंतरावांनी रस्ताभर ठरवलं होतं की नमस्कार करायचा आणि गप्प राहायचं. पण चाळीस वर्षांत ज्यांनी वजन वाढवायला कापसाच्या गाडीत एक ओला बोळा घातला नाही, त्यांच्यानं ते होईना.

"थांबा," ते म्हणाले. डफडी थांबली. "हार नको घालू, दादा. आमी कुठीच गेलो नाही. अमरावतीले होतो, केशरकडे."

नत्थुजींनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मालूम हाये," ते म्हणाले.

"मालूम हाये?"

"पह्यल्याच आठवड्यात समजलं. पण तुले पोचवलं होतं ना आमी? पोचवलेल्या माणसाशी मधात बोलावं कसं? ज्याले तू दिसला तो लपला बिचारा."

सूर्यभान मान खाली घालून म्हणाले, "त्या खांबाचा चुना माह्या कोटावर अजून हाये." पार्बताबाईंच्या जावेनं कपाळाला हात लावला. चार महिने ते गावापासून लपत होते, आणि चार महिने गाव त्यांच्यापासून.

"आनं हे तुह्यं पत्र," नत्थुजींनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. "पौषात आलं. जहाजवाल्याचं."

पाकिटावर अकोटचा पत्ता होता. दाखला धाडताना खाली सवयीनं आपल्याच घरचा पत्ता घातल्याचं भगवंतरावांना आत्ता आठवलं. "दादा, मंग धाडलं कावून नाही अमरावतीले?"

"तू तं विलायतेत होता. अमरावतीले कसं धाडतो?"

पोस्टमन बुधाजी गर्दीतच होते. गावात इंग्रजी पत्र तेच वाचून देत. त्यांनी चष्मा पुसला आणि उभ्यानं वाचलं. डॉक्टरचा दाखला मान्य. पुढच्या जहाजात दोन जागा राखून ठेवल्या आहेत. जहाज चोवीस मार्चला सुटेल.

"आज अठरा," बुधाजी म्हणाले. "परवाच्या मेलनं निघालात तं भेटते. त्याच्यानंतर गेलं तं नाही."

भगवंतरावांनी वाकून पत्रावरची तारीख पाहिली. नत्थुजी मात्र बोटांवर हिशोब करत होते. "पह्यले मावंदं. मागची यात्रा तं पुरी झाली पायजे. मंग नव्यानं जेवणं. बेचाळीस घरं... दिवसाले दहा पकडले, तरी..."

"माह्यापासून सुरू करा," पार्बताबाई पुढं झाल्या. "गोदाबाई, आज सांजीले येता ना?"

सगळं गाव गोदाबाईंकडे पाहू लागलं. भगवंतरावांनी पाहिलं नाही. ते मारुतीच्या पायरीकडे पाहत उभे राहिले. हे उत्तर आपण मागू नये, असं त्यांना वाटलं असावं.

"नाही," गोदाबाई म्हणाल्या.

अकोटात असं उत्तर कुणी कधी ऐकलं नव्हतं. पार्बताबाईंना वाटलं, उन्हाचा त्रास झाला. "म्हंजे उद्या?"

"उद्याई नाही. कोणाच्याच घरी नाही. तुमच्या पाया पडतो, पण चार महिने मी ह्यायले एका कागदावर बोट ठेवून समुद्र पाह्यतानी पाह्यलं. आता मले ते नाही पाहवत. आमी परवा चाललो."

"अन पोचवल्याबिगर?" नत्थुजींचा आवाज चिरकला. "पोचवल्याबिगर कोणी जाते काय?"

"मागच्या बारीले पोचवलं होतं ना, भाऊजी," गोदाबाई म्हणाल्या आणि पेटी उचलून घराकडे चालू लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं दोघं निघाली. मारुतीपाशी एक कुत्रं होतं, दुसरं कुणी नव्हतं. भगवंतरावांनी सवयीनं हात जोडले. गोदाबाईंनी फडक्यात आठ दशम्या बांधून घेतल्या होत्या, त्यातल्या त्यांनी भगवंतरावांना दोनच दिल्या.

गावात त्यांचं नाव निघेनासं झालं. नत्थुजी सकाळी ओसरीवर बसत आणि रस्त्याकडे पाहत नसत. एप्रिलमध्ये बुधाजी एक कार्ड घेऊन आले.

"भगवंतरावाचं हाये. एडनहून."

"एडनहून कसं येईन?" नत्थुजी म्हणाले. "त्याले पोचवलं कोणी? असन इथीच, वावरात."

"वाचू काय?"

नत्थुजींनी सरकून त्यांना ओसरीवर जागा करून दिली. बुधाजींनी वाचलं. "दादास शिरसाष्टांग नमस्कार. समुद्र पाहिला. फार मोठा आहे. आपल्या कापसाच्या गाठी याच रस्त्यानं जातात. पहिले दोन दिवस हिनं माझा हात सोडला नाही, तिसऱ्या दिवशी सोडला. आता रोज सकाळी कठड्यापाशी माझ्याआधी जाऊन उभी राहते. प्रकृती उत्तम आहे, कमी जेवतो. तुमची आठवण येते."

नत्थुजींनी ते पुन्हा वाचायला लावलं, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि कार्ड कोटाच्या आतल्या खिशात नीट ठेवलं. तेवढ्यात पार्बताबाई पाण्याची घागर घेऊन समोरून जाताना थबकल्या.

"काय लिवलं, भाऊजी?"

"काही नाही," नत्थुजी म्हणाले. "वावरातच हाये तो. चार महिने येत नाही म्हणते."