पावसाळा नसलेलं वर्ष

टेंभुर्णेने एक कुत्रा प्रोबेशनवर ठेवला होता.

नागझिऱ्याच्या गेटजवळ आमचं रिसॉर्ट. मी रिसेप्शनवर, टेंभुर्णे मुख्य आचारी. भुऱ्या नावाचं ते कुत्रं कुठूनसं आलं, तेव्हा टेंभुर्णेने त्याला समोर बसवून अटी सांगितल्या. पाहुण्यांवर भुंकायचं नाही, भांड्यात तोंड घालायचं नाही, मुदत तीन महिने. मधे एकदा भुऱ्याने कोंबडीची तंगडी पळवली, त्याबद्दल त्याला तोंडी समज मिळाली. मुदत सरली त्या दिवशी टेंभुर्णेने आम्हा सगळ्यांना मागच्या दारी बोलावलं, भुऱ्या कायम झाल्याचं जाहीर केलं आणि त्याला स्वतःची वेगळी थाळी दिली. त्या तंगडीपायी अजून महिनाभर वाढवा की, असं मी गमतीने म्हणालो, तर माझ्यावरच उखडला.

"ठेवाचा असंन त ठेवा, हाकलाचा असंन त हाकला. लटकवून ठेवाचं नाई."

हे त्याचं पालुपद. नवा कुकर असो की नवा दूधवाला, सगळे त्याच्याकडे मुदतीवर येत आणि मुदतीच्या दिवशी त्यांना निकाल कळे. कुकरलाही तो मोठ्याने सांगत असे. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही मुलगी पाहून आलो आणि 'कळवतो' म्हणून निघालो, हे त्याच्या कानावर गेलं तेव्हा हातात झारा घेऊन तो रिसेप्शनवर आला. कळवतो म्हणजे कधी, एवढंच विचारत राहिला. मी मुलीच्या बापाला फोन लावेपर्यंत गडी काउंटरवरून हलला नाही, आणि पाहुणे मागे चावीसाठी ताटकळत उभे. याचा एखादा स्क्रू ढिला असावा, असं मला तेव्हा वाटलं.

स्वतः मात्र हा माणूस कच्चाच होता. आम्ही सगळेच होतो. नेमणूक एका वर्षाच्या प्रोबेशनवर. पावसाळ्यात जंगल बंद, पाहुणे बंद. पण आम्ही कुठे बंद असतो? छपराची गळती काढा, गाद्या शेकवा, खोल्यांतले साप बाहेर काढा. ऑक्टोबरात गेट उघडलं की गोंदियाहून आलेला मॅनेजर खुर्चीत रेलून म्हणायचा, "जंगल बंद, तो गिनती बंद. फिर से शुरू करो." की आमचं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून. आता पावसाळा नसलेलं वर्ष माणसाने आणायचं कुठून? आठवलं तरी माझ्या अंगाची लाही होते. आणि आम्ही काय करायचो, तर मान डोलवून कामाला लागायचो.

या वेळी टेंभुर्णेने मान डोलवली नाही. पावसाळाभर छपरावर कोण होतं, असं त्याने शांतपणे विचारलं. मॅनेजर म्हणाला, पटत नसेल तर दरवाजा उघडा आहे. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे गोंदियाला कामगार अधिकाऱ्यांसमोर उभे होतो.

अधिकाऱ्यांनी नेमणुकीच्या अटी वाचल्या. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी लेखी कळवायचं, असं खुद्द मालकानेच त्यात लिहिलं होतं. लेखी काही दिलं का, असं त्यांनी विचारलं. नाही, नुसतं तोंडी. पावसाळ्यात काम केलं का? केलं. मग ते दिवस धरायचे नाहीत, हे कोणी ठरवलं?

"साहेब, आमी त कुत्र्याले बी वेळेवर कायम केलं," टेंभुर्णे म्हणाला.

साहेब हसायला लागले. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मॅनेजरला बोलावणं गेलं, आणि दिवाळीच्या आधी आम्ही सगळे कायम झालो. ले भाई, हो गया पक्का, असं म्हणत मॅनेजरने टेंभुर्णेचा कागद टेबलावरून सरकवला. जशी काही खैरात वाटत होता मेला.

कायम झाल्यावर टेंभुर्णेने पहिली रजा काढली आणि मला म्हणाला, गाडी काढ, केशोरीला जायचं आहे. का, ते सांगितलं नाही. धानकापणीचे दिवस होते. एका अंगणात एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. टेंभुर्णेने जयभीम घातला, नाव सांगितलं, आणि नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं.

म्हाताऱ्यांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून त्याला ओळखलं.

"आता कायले आला बाप्पा? पोरीले दोन लेकरं हायेत."

त्यांच्या बोलण्यातून मला सगळं उलगडलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी टेंभुर्णे इथे मुलगी पाहायला आला होता. दोघांची पसंती झाली होती. नोकरी पक्की झाली की ये, असं बापाने सांगितलं होतं, आणि दर ऑक्टोबरात हा येऊन, अजून एक वर्ष थांबा, असं सांगून जायचा. शेवटी त्यांनी थांबणं सोडलं.

"मले मालूम हाये, बाबा," टेंभुर्णे म्हणाला. "तुमी ये म्हटलं होतं, म्हणून सांगाले आलो. तुमाले लटकवून नाई ठेवाचं होतं."

म्हातारे खाटेवर सरकले, त्याच्यासाठी जागा केली. तो काही बसला नाही.

येताना मी रस्ताभर त्या मॅनेजरच्या नावाने शिव्या घालत होतो. अर्जुनीच्या बाजारात मागे बसलेल्या टेंभुर्णेने माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. पाव किलो मटण घेतलं. भुऱ्या सकाळपासून वाट पाहत असेल म्हणाला.