नानांचा चालता मांडव

माणसं भेटल्यावर आधी तोंडाकडे बघतात, आमचे शेजारी नाना सुतार कमरेकडे बघतात. गावात नवा तलाठी आला, तर नमस्काराच्या आधी नानांनी खिशातून टेप काढली, जमिनीपासून त्याच्या कमरेपर्यंत धरली आणि म्हणाले, "सव्वातीन फूट. जत्रेत रजा टाकू नका, सायेब." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

त्याला काय माहीत, राहुरीजवळच्या आमच्या या गावात जत्रेला मांडव चालतो म्हणून. चार उंच बांबू, वर कापड, झेंडूच्या माळा. चौघं जण आपापल्या बांबूचं बूड कमरेच्या पट्ट्यात रोवतात आणि हलगीच्या ठेक्यावर पावलं टाकत निघतात. त्या सावलीत लेझीम खेळणारी पोरं गावभर फिरतात. चौघांच्या कमरा एका रेषेत नसल्या की मांडव कलतो आणि नानांचं डोकं फिरतं. "मागचा डावा, गुडघ्यात वाकू नगंस," हे भर मिरवणुकीत सुरूच.

मागचा उजवा बांबू मात्र त्यांच्या मुलाचा, बापूचा. बापू चाकणला कंपनीत. पाच वर्षं झाली, त्याला जत्रेला यायला जमेना. दर वर्षी नाना हलगी वाजेपर्यंत फाट्याकडे बघत बसायचे आणि मग तो बांबू स्वतःच धरायचे. मी कितीदा म्हटलं, मी धरतो. "न्हाई सर. तुमची कंबर दोन बोटं खाली हाय." शाळेत तीस वर्षं शिकवून हे ऐकायचं! मला मनापासून राग यायचा.

यंदा नानांचा गुडघा गेला. सकाळीच बापूचा फोन आला, सुट्टी नाही. हलगी तापवून झाली, तीन बांबू उभे राहिले, गाव खोळंबलं. नाना काठी टेकत माझ्याकडे आले आणि त्यांनी पट्टा माझ्या पोटावर, दोन बोटं वर बांधला.

"नाना, हे आधी नाही का सुचलं?"

"सुचलं हुतं," ते म्हणाले.

मांडव निघाला. मी दोनदा ठेका चुकलो, पण लंगडत शेजारून चालणारे नाना एकदाही ओरडले नाहीत. मला ते काही बरं वाटेना. वेशीपाशी कुणीतरी मोबाईल काढून फोटो घ्यायला लागलं, तसे नाना पटकन माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"बापूला फोटो धाडतील, सर," ते हळूच म्हणाले. "त्याला वाटंल, आपली जागा भरली. मग कशाला येतोय त्यो?"