आधी कप, मग मत

आमच्या शेजारचे शमुवेलभाऊ मत मागायला आलेल्या पुढाऱ्याला आधी कप विसळायला लावतात.

भाऊ मूळचे नगरकडचे. आठवडाभर इथे आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये पास्टर. दोनशे माणूस त्यांचा शब्द झेलतं. इथे गावच्या निवडणुकीत परदेशी लोकांनाही मत असतं, म्हणून पुढारी भाऊंना शोधत येतात. भाऊ त्यांना सिंकपाशी उभं करतात. "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. तुला कप जड झाले?" मग चष्मा लावून एकेक कप तपासतात. "कानाला चहा तसाच आहे. लोकांचंही असंच वरवर बघशील."

मी हिंदू. पण भाऊंची बोली माझ्या माहेरची, म्हणून चहाला मदत करायला जाते. मागे उभी राहून पदराआड हसते.

यंदा तो हॉल विकायला निघाला. एका उमेदवाराने सगळे कप लख्ख धुतले, अगदी कानासकट, आणि म्हणाला, "रविवारी वेदीवरून फक्त माझं नाव घ्या. हॉल मी वाचवतो."

मंडळीतल्या रूथमावशींनी भाऊंपुढे हात जोडले. "अहो, एक नाव घ्यायला काय जातंय तुमचं? पावसात बसायचं का आम्ही?"

रविवारी भाऊ उभे राहिले. सगळे श्वास रोखून बसलेले. भाऊंनी नऊच्या नऊ उमेदवारांची नावं घेऊन प्रार्थना केली. वर म्हणाले, "आता घरी जा आणि डोकं चालवा. देवानं ते नुसतं टोपीसाठी दिलेलं नाही."

हॉल गेला. आता मंडळी भाऊंच्या घरात दाटीवाटीने बसते. रूथमावशी जिन्याच्या चौथ्या पायरीवरून विचारतात, "पास्टर, स्वर्गात तरी जागा धरलीय ना?"

परवा सगळे गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "भाऊ, का नाही घेतलं त्याचं नाव?"

ते कप पुसत होते. त्यांची बायको मार्था तीन वर्षांपूर्वी वारली.

"मार्थानं कुणाला मत द्यायचं, ते जन्मभर मीच सांगितलं. ती देत गेली. तिच्या मनात कोण होतं, कधी विचारलंच नाही. आता कुणाला विचारू?"

मग त्यांनी चहा ओतला. माझ्या कपात ते नेहमी न विचारता दोन चमचे साखर घालतात. चमचा उचलला आणि थांबले.

"ताई, किती घालू?"

मला हे आजवर कुणी विचारल्याचं आठवेना. जरा विचार करून मी सांगितलं, "एक."