गणूदादांची परात

बोर्ली पंचतनात गणूदादांच्या सुतारकारखान्यात मशीन विकायला आलेल्या माणसाला चहाच्या आधी पितळी परात दाखवली जाते. परातीत पाणी आणि पाण्यावर बारीक भुशाची साय. "आता तुमचं मशीन लावा," गणूदादा म्हणतात. "सांजला परातीत ताजं पानी भरतो. उद्या सकाळी त्यात माजं तोंड साफ दिसलं तर ठेवतो. नायतर घेऊन जावा."

मी शेजारचा निवृत्त मास्तर, म्हणजे वेळच वेळ. भुसा ओढणाऱ्या मशिनांच्या या परीक्षांना मी हजर असतोच. दिवाळीपासून तीन आली आणि गेली. सगळी चाकांवरची, रंध्यापासून करवतीपर्यंत ढकलत नेता येणारी. पहिल्याला कापडी पिशवी. "जाडा भुसा पोटात न् बारीक पीठ परत हवेत. मशीन हाय का चाळण?" दुसऱ्याचा पाइप कोपऱ्यातल्या करवतीपर्यंत पोचेना. तिसरं सुरू झालं की माझ्या मांडणीवरची भांडी थरथरत. विकणारा म्हणाला, "काका, सगळीकडे हेच चालतं." त्यावर दादांचं ठरलेलं उत्तर, "चालत आसंल. माज्या परातीत न्हाय चालत."

चाळीस वर्षं भुसा खाल्लेल्या माणसाला आता हे कसलं सोवळं? बायको, सुधावहिनी, दम्यामुळे वर्षभर म्हसळ्याला भावाकडे. एकटेपणाने माणूस चक्रम झाला, असं ठरवून मी मोकळा झालो होतो.

चौथं मशीन मात्र खरंच चांगलं निघालं. बारीक धूळ अडवणारी जाड गाळणी, लांब पाइप, आवाज बेताचा. दिवसभर करवत चालली, तरी बाकावर फिरवलेलं माझं बोट कोरंच. तरी सकाळी दादा म्हणाले, "नापास. साय हाय. परवा येऊन नेतील."

मला पटेना. "परात ठेवता तरी कुठे?"

दादा घुटमळले. मग मधलं दार उघडून मला घरात घेऊन गेले. परात सुधावहिनींच्या खाटेवर होती, उशीच्या जागी.

"डाक्टर म्हनला, धूळ बंद तवाच घरी आना. तिचं नाक आसतं तितंच बगाया पायजे ना?"

मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी मी मुद्दाम तिथे जाऊन बसलो. करवत थांबली. दादा तसेच बनियनवर आत आले, परातीत ताजं पाणी भरलं आणि खाटेला टेकून वहिनींना फोन लावला. "खोकला कसा हाय? जेवलीस का?" बोलता बोलता ते डोकं खाजवत होते. केसांतून, भुवयांतून भुसा पाण्यावर उतरत होता.

फोन संपल्यावर मी म्हटलं, "दादा, रोज इथेच बसता?"

"व्हय. तासभर."

"मग भुसा मशीन नाही सोडत. तुम्ही सोडताय."

त्यांनी केसांतून हात फिरवला, तळवा पाहिला, आणि सरळ विहिरीवर गेले. दोनदा साबण लावला. धुतलेलं धोतर नेसून परत आले, परात घासून पुन्हा भरली.

सकाळी त्यांनी मला हाक मारली. पाण्यात त्यांचं तोंड लख्ख दिसत होतं. फोन आधीच कानाला होता.

"सुधा, पानी साफ हाय. तू ये. मी रोज आंगोळ करूनच आत येईन."